‘बायोसला हात लावू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींतल्या टूलरूम आणि डिझाइनवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. थोडक्यात तो असा: वर्कस्टेशन लॅपटॉपचा बायोस (मशीन चालू करणारं, बोर्डावरच्या चिपमधलं मूळ सॉफ्टवेअर) कधीच अपडेट करू नका, मध्येच लाइट गेली की मदरबोर्ड गेला. जुन्या लॅपटॉपला एनव्हीएमई (एसएसडीचा जास्त वेगवान प्रकार) चालत नाही. कॅडच्या (कॉम्प्युटरवरच्या डिझाइनच्या) कामात एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) दोन वर्षांत संपते. नवी डिस्क दिसली नाही की बोर्ड खराब समजा. जुनी डिस्क दुकानात दिली तर सूट मिळते, ती घ्या. आणि शेवटी, ‘चालतंय ते चालू द्या.’

हा मेसेज मला सोडून द्यावासा वाटत नाही, कारण तो वाचून लोक पैसे घालवतायत. आपल्याकडच्या कितीतरी लहान युनिटचं डिझाइन कंपन्यांच्या लीजवरून परत आलेल्या सेकंडहँड डेल प्रिसिजन, एचपी झेडबुक नाहीतर लेनोवो थिंकपॅड पी मालिकेच्या मशीनवर चालतं. हे लॅपटॉप दणकट आहेत. नीट सांभाळले तर अजून बरीच वर्षं काम देतील.

पहिली भीती लाइटची. ती आली डेस्कटॉपवरून. लॅपटॉपला बॅटरी असते. डेल, एचपी, लेनोवो यांचे अपडेटर चार्जर लावलेला नसेल किंवा बॅटरी पुरेशी भरलेली नसेल तर सहसा कामाला सुरुवातच करत नाहीत. चार्जर लावून, बॅटरी भरून बसलात तर अंबडची लाइट जावो की राहो, फरक पडत नाही. तरीही काही बिघडलंच तर डेलच्या अनेक मॉडेलांत कंट्रोल आणि एस्केप दाबून धरून चार्जर लावला की रिकव्हरी सुरू होते, एचपीमध्ये विंडोज आणि बी ही बटणं दाबून मशीन चालू करायचं असतं. खरा धोका वेगळ्या ठिकाणी आहे: बॅटरी फुगलेली किंवा मेलेली असणं, आणि कुठल्यातरी भलत्याच साइटवरून भलत्याच मॉडेलची फाइल उतरवणं. सर्व्हिस टॅग किंवा सीरियल नंबर टाकून कंपनीच्याच साइटवरून फाइल घ्या. एवढं सांगितलं असतं तर मेसेज उपयोगाचा झाला असता.

‘बायोस मारला (म्हणजे अपडेट केला) आणि डेटा गेला’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन, असतो. फर्मवेअर (बायोससारखं चिपमधलं सॉफ्टवेअर) बदललं की टीपीएम या सुरक्षेच्या चिपला मशीन अनोळखी वाटतं आणि चालू करताच निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. डेटा जागेवरच असतो, त्याला फक्त कुलूप लागलेलं असतं. विंडोज ११ मध्ये हे एन्क्रिप्शन अनेक मशीनवर आपण न मागता चालू झालेलं असतं, म्हणून मालकाला ‘की’ नावाची वस्तू आहे हेच माहीत नसतं. ती बहुधा त्याच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. सेकंडहँड मशीन दुसऱ्याच कुणाच्या अकाउंटने सेट केलेलं असेल तर ती त्या माणसाकडे असते, हे आधीच तपासा. अपडेटपूर्वी कंट्रोल पॅनलमधून बिटलॉकर ‘सस्पेंड’ करा, की कागदावर लिहून फायलीत ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे. ते न केल्यामुळे लोक डिस्क फॉरमॅट करून मोकळे होतात आणि ड्रॉइंग खरोखरच जातात.

आता ‘चालतंय ते चालू द्या’. फर्मवेअरच्या बाबतीत हे वाक्य महागात पडलेलं आहे, आणि त्याचे दाखले जाहीर आहेत. २०१७ ते २०१९ च्या अनेक थिंकपॅडमध्ये थंडरबोल्टच्या (यूएसबी-सी पोर्टमागच्या वेगवान जोडणीच्या) फर्मवेअरमध्ये दोष होता. चाललेल्या मशीनचं यूएसबी-सी पोर्ट एक दिवस चार्जिंग घेणं किंवा बाहेरचा डिस्प्ले दाखवणं बंद करायचं. लेनोवोने अपडेट दिला. ज्यांनी वेळेत टाकला ते वाचले, उशीर झालेल्या काहींना बोर्ड बदलावा लागला. म्हणजे ज्या बोर्डाच्या काळजीने अपडेट टाळायचा, तोच बोर्ड अपडेट टाळल्यामुळे गेला. डिस्कलाही स्वतःचं फर्मवेअर असतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीई या सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीने जाहीर केलं की त्यांच्या सर्व्हरमधल्या काही एसएसडी बरोबर ३२,७६८ तास चालल्यावर बंद पडतील आणि डेटाही परत मिळणार नाही. उपाय एकच होता, त्याआधी फर्मवेअर टाकणं. सॅमसंगच्या २ टीबी ९८० प्रो डिस्क जुन्या फर्मवेअरवर अचानक ‘फक्त वाचा’ अवस्थेत जाऊ लागल्या होत्या, त्यावरही उपाय फर्मवेअरचाच निघाला. सिक्युअर बूटची (चालू होताना फक्त ओळखीचं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणाऱ्या सोयीची) २०११ ची सर्टिफिकेटं जून २०२६ पासून मुदतबाह्य होत जातात. मशीन लगेच बंद पडत नाही, पण बूटच्या टप्प्यावरचं पुढचं संरक्षण थांबतं. नवी सर्टिफिकेटं विंडोज अपडेटमधून येतात, काही मशीनना मात्र आधी कंपनीचा बायोस अपडेट लागतो. दर महिन्याला बायोस मारत बसा असं मी म्हणत नाही. अपडेटसोबतची टीप वाचा, आणि सुरक्षा, स्टोरेज किंवा थंडरबोल्टचा उल्लेख असेल तर टाका.

जुन्या लॅपटॉपला एनव्हीएमई चालत नाही, या वाक्यात अर्धं सत्य आहे. इंटेल प्रोसेसरच्या चौथ्या पिढीपर्यंतची बहुतेक मशीन एनव्हीएमईवरून बूट होत नाहीत, त्यांना अडीच इंची साटा (जुन्या, कमी वेगाच्या जोडणीची) एसएसडी घाला. सहाव्या पिढीपासून पुढच्या वर्कस्टेशनना सहसा अडचण येत नाही. घोटाळा एम.२ या आकारामुळे होतो. एम.२ म्हणजे फक्त पट्टीचा आकार. २२८० म्हणजे २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब. त्याच आकारात साटा डिस्क येते आणि एनव्हीएमईही येते, आणि काही स्लॉट फक्त एकच घेतात. खोलण्याआधी मॅन्युअलमध्ये स्लॉट पाहा. पीसीआय एक्सप्रेसच्या (एनव्हीएमई डिस्क ज्यातून जोडली जाते त्या मार्गाच्या) चौथ्या जनरेशनची डिस्क तिसऱ्या जनरेशनच्या स्लॉटमध्ये बसते आणि त्या स्लॉटच्या वेगाने चालते, त्यासाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही. वेगाबद्दलही स्पष्ट बोलतो: साटा सेकंदाला साधारण ५५० एमबी, तिसऱ्या जनरेशनची एनव्हीएमई ३,५०० एमबीपर्यंत. पण मोठी असेंब्ली (अनेक सुट्या भागांचं एकत्र मॉडेल) सहापट लवकर उघडत नाही, कारण तिथे प्रोसेसरचा एकच कोर घाम गाळत असतो. खरी उडी फिरत्या हार्डडिस्कवरून कुठल्याही एसएसडीवर जाताना मिळते.

दोन वर्षांत संपण्याचा हिशेब सोपा आहे. सॅमसंगच्या १ टीबी ९७० इव्हो प्लस डिस्कवर कंपनीने ६०० टीबी लिखाणाची हमी दिली होती. रोज १०० जीबी लिहिलं तरी ६,००० दिवस, म्हणजे सोळा वर्षांहून जास्त. ड्राफ्टिंग आणि मोल्ड डिझाइनमध्ये रोज एवढं लिहिणारा माणूस विरळाच. सिम्युलेशनवाल्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या स्क्रॅच (तात्पुरत्या) फाइल डिस्क झिजवतात, आणि १ टीबीला २०० टीबीच हमी असलेली इंटेल ६६०पी सारखी स्वस्त क्यूएलसी (लवकर झिजणाऱ्या चिपची) डिस्क त्या कामाला नको. क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्क तपासायचं टूल उघडलं की किती आयुष्य वापरलं ते टक्क्यांत दिसतं. एसएसडी कधीकधी पूर्वसूचना न देता जाते हे खरं आहे, त्यावर इलाज बॅकअपचा.

सगळ्यात जास्त पैसे लोक ‘डिस्क दिसत नाही म्हणजे बोर्ड गेला’ यावर घालवतात. अंबडच्या एका डाय-मोल्ड युनिटमध्ये हेच पाहिलं. नवी डिस्क बसवली, विंडोजचा सेटअप ‘ड्राइव्ह सापडली नाही’ म्हणत थांबला, आणि एका दुकानातून बोर्ड बदलण्याचं कोटेशनही आलं. बायोसच्या स्टोरेज पानावर मात्र त्या डिस्कचं मॉडेल नाव स्वच्छ दिसत होतं. बायोसला डिस्क दिसते याचा अर्थ स्लॉट ठीक आहे. अकराव्या पिढीपासून इंटेलच्या मशीनवर व्हीएमडी नावाची डिस्क हाताळणारी व्यवस्था बऱ्याचदा चालू असते, आणि तिचा ड्रायव्हर सेटअपकडे नसतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घेतला, अनझिप केलेलं फोल्डर पेन ड्राइव्हवर टाकलं, ‘लोड ड्रायव्हर’ दाबून आयएनएफ फाइल दाखवली. यादीत डिस्क आली. खर्च शून्य.

याचीच दुसरी बाजू: चालू विंडोज असताना कोणी बायोसमध्ये डिस्कचा मोड रेडवरून एएचसीआय केला, किंवा बायोसची सेटिंग जपणारा सीएमओएस सेल बदलल्यावर सेटिंग मूळपदावर गेलं, की ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ची निळी स्क्रीन येते. फॉरमॅट करू नका. सेटिंग पूर्वीसारखं करा, विंडोज उठेल. मोड बदलायचाच असेल तर आधी विंडोजच्या एमएसकॉन्फिगमध्ये सेफ बूटची खूण करा, मग बायोसमध्ये बदल करा, एकदा सेफ मोडमध्ये चालू करा आणि खूण काढा.

मध्येच गोठणाऱ्या मशीनसाठी विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर (बिघाडांच्या नोंदींची यादी) पाहा. तिथे ‘रीसेट टू डिव्हाइस’ अशी १२९ क्रमांकाची नोंद वारंवार असेल तर डिस्क क्षणभर उत्तर देत नाहीये. पॉवर ऑप्शनमध्ये पीसीआय एक्सप्रेसचं लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट बंद करा, डिस्कचं फर्मवेअर तपासा, थर्मल पॅड (डिस्कची उष्णता बाहेर नेणारी पट्टी) नीट टेकलाय का बघा. त्यानंतरही तेच होत असेल तर डिस्क दुसऱ्या मशीनमध्ये लावा. बोर्डाचा विषय त्यानंतर काढायचा. डिस्क बदलण्यापूर्वी कॅड सॉफ्टवेअरचं लायसन्स डीॲक्टिव्हेट करायलाही विसरू नका. नाहीतर नव्या डिस्कवर ते चालू होईपर्यंत डीलरला फोन करत बसावं लागतं.

राहिली जुनी डिस्क देऊन सूट घेण्याची गोष्ट. त्या डिस्कवर तुमच्या ग्राहकांची ड्रॉइंग आहेत, आणि त्यातल्या कित्येकांसाठी तुम्ही गुप्ततेच्या करारावर सही केलेली आहे. क्विक फॉरमॅटने फाइली पुसल्या जातीलच असं नाही, फिरत्या हार्डडिस्कवरून तर त्या सहज परत काढता येतात. डिस्क घरी आणा. एसएसडी असेल तर बायोसमधल्या किंवा डिस्क कंपनीच्या टूलमधल्या सिक्युअर इरेजने साफ करा, हार्डडिस्क असेल तर पूर्ण ओव्हरराइट करा. हे पुसणं मात्र नवी डिस्क काही महिने नीट चालल्यावर करा, तोवर जुनी तशीच कपाटात ठेवा.