गळ्यात मारा, कातडीखाली नको

अमेरिकेत आरएफआयडी चिपांचा, म्हणजे रेडिओलहरींनी न शिवता वाचता येणाऱ्या ओळख-चिपांचा धंदा काढायचाय? खुशाल काढा. फक्त आधी तिथल्या राज्यांचे कायदे वाचा. फार वेळ जाणार नाही. विस्कॉन्सिनचा २००६ चा कायदा तर दोन-तीन ओळींत आटोपतो: शरीरात चिप बसवून घ्यायची सक्ती कोणावर करायची नाही, केलीत तर दहा हजार डॉलरपर्यंत दंड, आणि सक्ती चालेल तो प्रत्येक दिवस वेगळा गुन्हा. पुढच्याच वर्षी नॉर्थ डकोटा आणि कॅलिफोर्नियानेही असेच कायदे केले. अस्सल कातडीबचाऊ कायदे! कातडीच्या आतलं तेवढं वाचवतात.

आणि आतसुद्धा बंदी आहे ती सक्तीला. २०१७ साली त्याच विस्कॉन्सिनमधल्या रिव्हर फॉल्स गावात एका कंपनीच्या पन्नासेक कर्मचाऱ्यांनी हौसेने चिप घ्यायची तयारी दाखवली. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात जाड सुई, की दाणा आत. (तांदळाच्या दाण्याएवढी चिप, असं वर्तमानपत्रं लिहितात. दाणा बासमतीचा धरा, आंबेमोहोराचा नव्हे.) मग हात हलवला की दार उघडतं, मशीनमधून वेफर्सचं पाकीट पडतं. खर्च कंपनीचा, पहिला हात साहेबांच्या घरचा, आणि सगळं ऐच्छिक. आपल्या ऑफिसात निरोप समारंभाची वर्गणी ऐच्छिक असते ना, त्या चालीवर घ्या.

तरी माझं ऐकाल तर सुईच्या भानगडीत पडू नका. गळ्यात मारा. गळा कातडीच्या बाहेर येतो.

गिऱ्हाईक म्हणून शाळा उत्तम, कारण मुलं सही करत नाहीत. पण कॅलिफोर्नियातल्या सटर गावाची चूक करू नका. तिथल्या शाळेने २००५ च्या जानेवारीत मुलांच्या गळ्यात फोटो, नाव, इयत्ता आणि चिप असलेले बिल्ले अडकवले. वर्गाच्या दारावर वाचक यंत्र लावलं, इथवर ठीक होतं. ते स्वच्छतागृहाच्या दारावरही लावलं! शिवाय प्रयोगाबद्दल चिपवाल्या कंपनीकडून शाळेला पैसे मिळत होते, हेही बाहेर आलं. पालक खवळले आणि फेब्रुवारीत कंपनीने गाशा गुंडाळला. हजेरी घेण्यासाठी मूल मुतारीपर्यंत मोजायची काय गरज होती, हे मला आजही कळलेलं नाही. पण तुम्ही धंद्यातले, तुम्हाला कळत असेल.

त्यावरून कॅलिफोर्नियाचे राज्य सिनेटर जो सिमिटियन यांनी सरकारी ओळखपत्रांतल्या चिपांना लगाम घालणारं विधेयक आणलं. सभागृहांनी ते मंजूर केलं. घाबरलात? २००६ साली गव्हर्नर श्वार्झनेगर यांनी नकाराधिकार वापरला. पडद्यावर यंत्रमानव म्हणून गाजलेला माणूस यंत्राच्या पोटावर पाय कसा देईल? म्हणाले, एवढ्यात कायदा करणं घाईचं होईल. पुढच्या वर्षी कातडीवाल्या कायद्यावर मात्र त्यांनी सही केली, आणि २००८ मध्ये दुसऱ्याच्या ओळखपत्रातली चिप त्याच्या नकळत वाचणं हा गुन्हा ठरवणाऱ्या कायद्यावरही. म्हणून चोरून वाचू नका. ‘येथे आपणांस वाचले जात आहे’ अशी पाटी लावा आणि उजळ माथ्याने वाचा.

वॉशिंग्टन राज्याचा कित्ता गिरवण्यासारखा आहे. तिथे २००८ मध्ये फसवणुकीसाठी चिप वाचणं गुन्हा ठरलं आणि त्याच वर्षी राज्याने देशाची सीमा ओलांडताना चालणारं चिपवालं ड्रायव्हिंग लायसन्स काढलं, कित्येक फुटांवरून वाचता येणारं. सोबत ते न वाचता येण्यासाठी एक पाकीटही दिलं. तुम्हीही पाकीट द्या. गळा तुम्ही धरायचा आणि मफलरही तुम्हीच विकायचा.

टेक्सासातल्या सॅन अँटोनिओत २०१२ साली दोन शाळांतल्या चार हजारांवर मुलांना बिल्ले मिळाले, कारण तिथे सरकारी पैसा हजेरीवर मिळतो. एका विद्यार्थिनीने धर्माचं कारण सांगून बिल्ला नाकारला. शाळा म्हणाली, चिप काढून देतो, नुसता बिल्ला घाल. जानेवारी २०१३ मध्ये कोर्टाने शाळेची बाजू उचलून धरली. तेव्हा रिकामे बिल्लेही स्टॉकमध्ये ठेवा, भाव तोच लावा. त्याच वर्षी शाळांनी योजना गुंडाळली, ती हजेरी अपेक्षेएवढी वाढली नाही म्हणून. प्रायव्हसीला कोर्टात हरवलेला धंदा मस्टरने बुडवला! पुढच्या शाळेत जाल तेव्हा हजेरीचे आकडे आधी मागून घ्या. आणि स्वच्छतागृहाच्या दारावरचं यंत्र पालकसभा होईपर्यंत खोक्यातच राहू द्या.