रविवारची दिवाळी

आमच्या इथल्या मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपवर वर्षातून तीनदा हमखास भांडण होतं. पाडव्याला, गणपतीला आणि दिवाळीला. मुद्दा एकच: तिथीला करायचं की रविवारी? यंदा, म्हणजे २०२५ साली, लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला, मंगळवारी. ग्रुपवर मतदान टाकलं गेलं. आधीचा रविवार, नंतरचा रविवार, आणि कुणीतरी खवचटपणे घातलेला तिसरा पर्याय, 'हॉल मिळेल तेव्हा'. तिसरा जिंकला. आमची सामुदायिक दिवाळी तुळशीच्या लग्नानंतर पार पडली आणि फराळाची ताटं मात्र सगळ्यांनी पुसून खाल्ली.

टोकियोत, निशी-कासाईला, मला चौदा वर्षं झाली. २००० सालच्या आसपास संगणकातल्या वायटूकेच्या कामासाठी आपली माणसं इथे यायला लागली आणि तोझाई लाइनने ऑफिसला जाणं सोपं म्हणून इथेच थांबली. आज स्टेशनवरून घरी येईपर्यंत एक तरी ओळखीची आई मुलाला मराठीत दटावताना भेटते. तेव्हा 'परदेशात एकटं पडल्यासारखं वाटतं' वगैरे मी लिहिणार नाही. माझी तक्रार उलटी आहे. माणसं आहेत, हॉल आहे, झेंडूची प्लास्टिकची तोरणं आहेत. दिवस तेवढा नाही.

यंदा भांडणाला वरून फोडणीही होती. भारतातच २० की २१ असा घोळ चालला होता. अर्धा देश २० म्हणत होता, आपलं कालनिर्णय २१. ग्रुपवर एक काका (पुण्याचे, हे सांगायला नको) रात्री बारा वाजता गणित मांडून बसले, आणि त्यांचं गणित मला फार आवडलं. जपान भारताच्या साडेतीन तास पुढे. २० तारखेला टोकियोत पाचच्या सुमारास सूर्य मावळला तेव्हा अमावास्या लागलेलीच नव्हती, ती लागली सव्वासातला. २१ ला संध्याकाळी मात्र ती पूर्णपणे होती, साडेनऊपर्यंत. म्हणजे मुंबई-दिल्लीत वाद घालायला जागा असेल, टोकियोत नव्हती. आमच्या आकाशापुरती दिवाळी एकवीसलाच होती. काकांना सव्वीस अंगठे आले आणि मग सगळ्यांनी हॉलच्या बुकिंगची लिंक उघडली.

मी स्वतः बरीच वर्षं रविवार पक्षात होते. मिरजेहून आई फोनवर म्हणायची, "अमावास्या काय तुझ्या साहेबाला विचारून येते होय गं?" मी म्हणायचे, आई, प्रॅक्टिकल हो. आता वाटतं की आईचं बरोबर होतं, पण ती देत होती त्या कारणासाठी नव्हे. मला ते कळलं जपानी लोकांकडून, ज्यांनी हा प्रयोग आपल्या आधी दीडशे वर्षं करून ठेवलाय.

इथेही पूर्वी आपल्यासारखंच चंद्राचं पंचांग होतं, मधूनमधून अधिक महिना घालून सूर्याशी जुळवून घेतलेलं. मेइजी सरकारने जेमतेम तीन-चार आठवडे आधी जाहीर केलं की हे बंद. जुन्या बाराव्या महिन्याचा तिसरा दिवस उजाडला तो थेट १ जानेवारी १८७३ म्हणून. म्हणजे त्या वर्षीचा शेवटचा महिना दोनच दिवसांचा! यामागे पाश्चात्त्य जगाबरोबर राहायचं हे होतंच, पण दुसरं कारण जास्त मजेदार आहे. जुन्या पंचांगाप्रमाणे पुढचं वर्ष तेरा महिन्यांचं येत होतं, आणि सरकारी नोकरांना पगार महिन्यावारी द्यायला नुकती सुरुवात झालेली. तिजोरीत खडखडाट. नवं पंचांग आणून धोंड्याच्या महिन्याचा पगार वाचवला, आणि त्या दोन दिवसांच्या महिन्याचाही. आपल्याकडे धोंड्याच्या महिन्यात जावयाला चांदीचं निरांजन जातं, इथे सरकारने महिनाच खाल्ला.

मग सणांचं काय झालं? बहुतेकांची तारीख तीच ठेवली, फक्त नव्या कॅलेंडरवर खिळा ठोकला. सातव्या महिन्याची सप्तमी झाली ७ जुलै. हा तानाबाता. वर्षातून एकदा आकाशगंगा ओलांडून भेटणाऱ्या दोन ताऱ्यांचा सण. बांबूच्या फांदीला रंगीत कागदांवर इच्छा लिहून टांगतात. त्यातला प्रियकर तारा म्हणजे आपला श्रवण, ज्याच्यावरून श्रावण महिना आला, आणि ती विणकरीण म्हणजे अभिजित. आता ७ जुलैला टोकियोत असतो ऐन पावसाळा, त्सुयू. देव्हाऱ्याच्या मागे बुरशी धरते, चामड्याच्या चपला कपाटात हिरव्या होतात. तारे कुठले दिसायला! माझ्या लेकीने पहिलीत असताना कागदावर लिहिलं होतं, 'आज ढग जाऊ देत.' चौदा वर्षांत मी ७ जुलैला ते दोन तारे एकत्र पाहिल्याचं आठवत नाही. सेंदाईच्या लोकांनी शहाणपणा केला. ते महिनाभर थांबतात आणि ६ ते ८ ऑगस्टला करतात.

नववर्षाची शुभेच्छापत्रं बघा. १ जानेवारीला पोस्टमन एका गठ्ठ्यात आणून टाकतो, आणि त्यावर सुरेख अक्षरात लिहिलेलं असतं 'वसंताचं स्वागत'. बाहेर हात सुन्न होतायत. जुनं नवं वर्ष फेब्रुवारीच्या आसपास यायचं, प्लमच्या कळ्या दिसायला लागायच्या, तेव्हाचे शब्द हे. ऋतू मागे राहिला, शब्द पुढे आले.

आणि ओबोन. पितर घरी येतात ते चार दिवस. याला तर जपानची तीन उत्तरं आहेत. टोकियोत जुलैच्या मध्यावर, बाकी बहुतेक जपानात ऑगस्टच्या मध्यावर, आणि ओकिनावात आजही जुन्या पंचांगाप्रमाणे, तिथीला. म्हणजे आमच्या ग्रुपवरचं भांडण या देशाने न सोडवता तसंच तीन तुकड्यांत ठेवून दिलंय.

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात. जुलैत मी त्यांना वांगी द्यायला गेले होते (आपल्या दुकानात काटेरी हिरवी वांगी आली की मी त्यांना नेऊन देते, त्या ती कशी करतात देव जाणे). जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्या काकडी आणि वांग्याला पाय लावत बसल्या होत्या. दुकानात फुकट मिळतात त्या जेवणाच्या काड्यांचे मोडून चार तुकडे, तिरके खोचलेले. काकडीचा झाला घोडा, पितरांनी लवकर यावं म्हणून. वांग्याची गाय, सावकाश परत जावं म्हणून, पाठीवर सामान घेऊन. वांग्याचा एक पाय आखूड झाला होता आणि गाय सारखी कलंडत होती. आजींनी तो उपसला, बोटभर लांबीचा दुसरा तुकडा मोडला, पुन्हा खोचला. मग म्हणाल्या, "आमचे हे निगाताचे. तिकडे ऑगस्टला करतात. मी जुलैला इथे करते आणि ऑगस्टला गावी जाते. त्यांना दोनदा यावं लागतं." थांबून म्हणाल्या, "जिवंत असताना एकदाही वेळेवर घरी यायचे नाहीत."

यानंतर सप्टेंबरात माझी फजिती झाली. सर्वपित्री २१ सप्टेंबरला, नशिबाने रविवारी. सासरे गेल्यानंतरची ही दुसरी. खीर, वडे, भात, आमसुलाची चटणी असं पान वाढून मी कागदी ताटलीत वाडी काढली आणि बाल्कनीच्या कठड्यावर ठेवली. लहानपणी आम्ही गच्चीवर तास तास 'काव काव' करत उभे राहायचो. टोकियोचा कावळा मात्र दांडगा असतो, कोंबड्याएवढा, आणि त्याला आमंत्रण लागत नाही. मी हात जोडायच्या आत तो आला, वडा उचलला आणि जाताना ताटलीला लाथ मारून गेला. खीर खाली. खाली म्हणजे आजींच्या बाल्कनीत, उन्हात घातलेल्या गादीवर.

आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये 'कावळ्यांना खाऊ घालू नका' अशी चित्रासकट सूचना आहे. मी धावत खाली गेले, कमरेत वाकून वाकून माफी मागितली. आजींनी विचारलं, कुणासाठी? म्हटलं, सासऱ्यांसाठी. "गोड आवडायचं का त्यांना?" आवडायचं, मधुमेह असून. संध्याकाळी त्या वर आल्या, डब्यात चार ओहागी घेऊन. चिकट भाताचा लाडू आणि त्यावर लाल चवळीसारख्या आझुकीचं गोड पुरण थापलेलं. इथे विषुवदिनाच्या आठवड्यात, हिगानला, पितरांच्या नावाने करतात. त्यांचा हिगानही त्याच आठवड्यात होता. मी त्यातला एक सासऱ्यांच्या फोटोपुढे ठेवला. या वेळी आत, खिडकी बंद करून.

त्या दिवशी माझ्या डोक्यात पहिल्यांदा उजेड पडला. तिथल्या भाद्रपदाचा आणि इथल्या शरदाचा मेळ बसला होता, म्हणून आजींकडे ओहागी आणि माझ्याकडे खीर एकाच वेळी शिजत होती. हेच मी 'हॉल मिळेल तेव्हा' केलं असतं तर गादी वाचली असती, बाकी काही झालं नसतं.

पाडव्याचंही तसंच. २०२४ साली पाडवा ९ एप्रिलला, मंगळवारी होता. मी अर्धा दिवस रजा टाकली. गुढीला काठी म्हणून कपडे वाळत घालायचा स्टीलचा दांडा, मोनोहोशिझाओ, लांबी एकदम बरोबर. कडुनिंब कुठला मिळायला, कडूपणासाठी ओकिनावाचं कारलं. त्या वर्षी साकुरा, म्हणजे चेरीचा फुलोरा, उशिरा आला होता, वाऱ्याने पाकळ्या येऊन कलशाला, ओल्या कुंकवाला चिकटल्या. आजी खालून ओरडल्या, "मुलगा झाला का?" त्यांना वाटलं, ५ मेला मुलांसाठी काठीवर लावतात ते कापडी मासे मी महिनाभर आधीच लावले. आमच्या मंडळाचा पाडवा त्यानंतर झाला, बंद हॉलमध्ये, एसीत, आणि गुढी कॅमेऱ्याच्या स्टँडला बांधली होती. फोटो उत्तम आलेत.

मी मंडळाविरुद्ध नाही. त्यांचे कष्ट मला ठाऊक आहेत, दोन वर्षं मीच बटाटे सोललेत. माझं म्हणणं एवढंच की रविवारच्या त्या कार्यक्रमाला स्नेहसंमेलन म्हणा. दिवाळी म्हणू नका. दिवाळी त्या दिवशी घरी करा, छोटीशी का होईना. ऑफिसातून आल्यावर चार पणत्या, दारात बोटभर रांगोळी, मुलांना उटणं. पाऊण तास लागतो. 'शाळेला सुट्टी नसते' हे कारण मला पटत नाही. मिरजेला आमच्या चाचणी परीक्षा काय सण बघून ठेवायचे?

उलट बाजूही सांगते, नाहीतर पुण्याचे काका सांगतील. इथल्या सरकारने काही सार्वजनिक सुट्ट्या २००० पासून मुद्दाम सोमवारी नेल्या, लोकांना लागून तीन दिवस मिळावेत म्हणून. प्रौढत्वाचा दिवस, नुकत्याच सज्ञान झालेल्या मुलामुलींचा, पूर्वी १५ जानेवारीला असायचा, आता दुसऱ्या सोमवारी. कुणाचं काही बिघडलं नाही, उलट गावाकडची मुलं घरी जाऊन किमोनो घालून मिरवतात. खरंय. पण सेत्सुबुनला कुणी हात लावला नाही. वसंतारंभाच्या आदल्या दिवशी भाजलेले सोयाबीन फेकून 'ओनी वा सोतो, फुकू वा उची' ओरडायचं, भुतं बाहेर, भाग्य आत. म्हणजे आपलं इडा पिडा टळो. तो सूर्यावर बांधलेला आहे, म्हणून एरवी ३ फेब्रुवारी. २०२१ साली तो १२४ वर्षांनी २ तारखेला आला, तर बातम्यांत चर्चा! एक दिवस सण सरकला म्हणून. मी घरी हसून लोळले. आमची दिवाळी तीन-तीन आठवडे इकडेतिकडे फिरते, ही बातमी मी कुणाला देऊ?

फटाक्यांची गंमत राहिलीच. इथे फुलबाज्या हा उन्हाळ्याचा माल. सप्टेंबर लागला की दुकानातून गायब, आणि मग कितीही शोधा. म्हणून मी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, निम्म्या किमतीचं लेबल लागलं की चार पाकिटं घेऊन तांदळाच्या डब्याशेजारी कोरडी ठेवते. यंदा २१ तारखेला साडेसहाला लेक आणि मी पाण्याची बादली घेऊन खाली गेलो. आजी शाल गुंडाळून आल्या. ऑक्टोबरात फुलबाजी? त्यांना ते इतकं विचित्र वाटत होतं, जणू मी डिसेंबरात आमरस वाढला. पण हातात धरली. शेवटची ठिणगी पडेपर्यंत हलल्या नाहीत.

परवा त्या २०२६ चं भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन आल्या. इथल्या कॅलेंडरवर अजूनही तारखेखाली बारीक अक्षरात शुभ-अशुभ दिवस आणि कधीकधी जुनी तिथी छापतात. लग्नाचा हॉल बघताना सगळे ती हळूच पाहतात. आजींनी चष्मा लावून आधी २०२५ च्या जुन्या कॅलेंडरचं पान दाखवलं. २१ ऑक्टोबरखाली छापलं होतं, जुन्या नवव्या महिन्याची पहिली. "अमावास्या म्हणालीस ना? बघ, आमच्याकडेही चंद्र तिथेच होता." मग पेन पुढे केलं. पुढच्या वर्षीची खूण कर म्हणाल्या.

पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून दिवाळी लांबलीये. मी ८ नोव्हेंबरवर गोल केला. आजींनी वार बघितला.

"रविवार आहे," त्या म्हणाल्या. "फुलबाज्या जास्त घेऊन ठेव."