जुन्या थर्मल पेस्टवरच नवी पेस्ट? तो मेसेज चुकीचा आहे
इंदूरच्या आमच्या नातेवाईकांमधे उन्हाळा लागल्यापासून एक मेसेज फिरून राहिलाय, कंप्यूटर तापत असेल तर हीटसिंक (प्रोसेसर थंड ठेवणारा त्याच्यावरचा धातूचा ठोकळा) ओढून काढा, दोघांमधे लावलेली जुनी थर्मल पेस्ट खरडत बसू नका, तिच्यावरच नवी लावा, पुसायचीच असेल तर सॅनिटायझर नाहीतर नेलपॉलिश रिमूव्हर घ्या आणि डाग राहिला तर पॉलिशपेपर मारा. रामबागेतल्या माझ्या मावसभावानं हे वाचून काम सुरूही केलं, आणि अर्ध्यात मला फोन.

जुनीवर नवी, हे सगळ्यात चुकीचं. प्रोसेसरचं झाकण आणि हीटसिंकचा तळ दिसायला सपाट असतात पण दोन्हीवर बारीक खाचा असतात, त्यात हवा अडकते, आणि उष्णता वाहून नेण्यात हवेचा आकडा आहे ०.०२६ च्या आसपास, तांब्याचा ४०० च्या जवळ. पेस्टच्या पाकिटावर हाच आकडा बघा, ५, ८, फार तर १२ वगैरे लिहिलेलं असतं. म्हणजे धातूपुढे पेस्टही कमजोरच, ती फक्त खाचांतली हवा हटवायला असते, म्हणून थर पातळच हवा. जुन्या पेस्टमधलं सिलिकॉन तेल तापून-थंड होऊन कडेला सरकलेलं असतं, मागे उरते झिंक ऑक्साइडसारखी कोरडी पूड, तिचे खडे दोन्ही धातूंना लांब धरतात, वरून नवी लावली की थर जाड होतो आणि मधे हवा राहते ती राहतेच.

सॅनिटायझर पण नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या कृतीत १.४५ टक्के ग्लिसरॉल आहे, हात कोरडे पडू नयेत म्हणून, ते उडत नाही, धातूवर चिकट राहतं. जेल रोडला मोबाईल रिपेअरिंगचं सामान विकणाऱ्यांकडे आयपीए, म्हणजे आयसोप्रोपाइल अल्कोहोल, म्हणून मागा, ९९ टक्केवालं, पंख्याखाली खिडकी उघडी ठेवून वापरा कारण ते पेट घेतं. आधी जुन्या एटीएम कार्डानं जाड थर काढायचा, मग धागे न सुटणाऱ्या कापडानं पुसायचं, कापड स्वच्छ निघेपर्यंत.

नेलपॉलिश रिमूव्हरमधे बहुतेक वेळा ॲसिटोन असतं, ते सॉकेटच्या, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या खोबणीच्या, आजूबाजूचं प्लास्टिक खाऊ शकतं, शिवाय त्यात सुगंध आणि तेल घातलेलं असतं. पॉलिशपेपर तर नकोच, तळावर निकेलचा मुलामा असेल तर तो जातो आणि धातूची पूड बोर्डावर पडली तर शॉर्ट. राखाडी डाग राहिला तर राहू द्या, हाताला लागत नाही ना, मग काही बिघडत नाही.

आता ते "ओढून काढा". भावानं थंड मशीनचा हीटसिंक सरळ वर ओढला, वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरही बाहेर आला, दोन पिना वाकल्या. एएमडी कंपनीच्या एएम४ सॉकेटमधे प्रोसेसरच्या खालीच १३३१ पिना असतात आणि वरून धरून ठेवणारं काही नसतं, लिव्हर खाली असली तरी तो निघून येऊ शकतो. म्हणून आधी दहा मिनिटं गेम वगैरे चालवून मशीन गरम करा, बंद करा, प्लग काढा, स्क्रू सोडवा, हीटसिंक डावी-उजवीकडे हळूच फिरवा आणि सैल वाटला की मगच उचला. त्याच्या पिना ब्लेडच्या पात्यानं एकेक सरळ करायला आम्हाला अख्खी संध्याकाळ लागली.

आणि ग्राफिक्स कार्ड उघडलंत तर मेमरीवरचे मऊ पॅड पुसून तिथे पेस्ट लावू नका, ती फट मिलिमीटरभराची असते, पेस्टनं भरत नाही, फाटला असेल तर तेवढ्याच जाडीचा पॅड आणा.