‘वरचा कचरा वरच जळून जातो’ म्हणणाऱ्यांना लाडबोरीचं कडं दाखवा

गेल्या महिन्याभरात एकच मजकूर मला तीन वेगवेगळ्या ग्रुपवर आला. त्याचा गोषवारा असा: अंतराळ अथांग आहे, तिथे काही हजार उपग्रह म्हणजे समुद्रात मूठभर मीठ. जुने उपग्रह आपोआप खाली येतात आणि हवेत जळून राख होतात. टकरींची भीती शास्त्रज्ञ निधी मिळवण्यासाठी घालतात. जो काही कचरा आहे तो अमेरिका, रशिया, चीनने केलाय, भारताचा त्यात हात नाही. अगदीच अडलं तर मोठं चुंबक नेऊन सगळं ओढून घेता येईल. आणि शेवटी, सामान्य माणसाचा याच्याशी संबंधच काय?

सुरुवात ‘राख होतात’पासून करतो. त्यासाठी फार लांब जायला नको, चंद्रपूर जिल्ह्यापर्यंत गेलं तरी पुरे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास विदर्भापासून खानदेशापर्यंत लोकांनी आकाशातून जळत जाणारे लांबलचक पट्टे पाहिले आणि उल्का समजून मोबाइल वर धरले. त्याच वेळी सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं एक कडं मोकळ्या जागेवर येऊन आदळलं. व्यास सुमारे तीन मीटर. आतमध्ये दोन माणसं हात पसरून उभी राहतील एवढं. नंतर तालुक्यात इतर ठिकाणी पोकळ, काळपट गोळे सापडले, वरून धागा घट्ट गुंडाळल्यासारखे दिसणारे. रॉकेटमध्ये वायू प्रचंड दाबाखाली ठेवण्यासाठी अशाच टाक्या असतात. उपग्रहांच्या नोंदी ठेवणाऱ्या अभ्यासकांनी वेळ आणि मार्ग जुळवून पाहिला. फेब्रुवारी २०२१मध्ये उडालेल्या चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा त्या संध्याकाळी नेमका याच वाटेने खाली येत होता. चौदा महिने तो बेवारस फिरत होता.

पातळ ॲल्युमिनियम जळतं, हे बरोबर. पण टायटॅनियम, पोलाद आणि अशा टाक्या टिकतात. मोठी वस्तू खाली येते तेव्हा तिच्या वजनाचा दहा ते चाळीस टक्के भाग जमिनीपर्यंत पोहोचू शकतो. लाडबोरीत ती जागा मोकळी होती. तिथे कुणाचं कवेलूचं घर असतं तर? मार्च २०२४मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका घराचं छप्पर फोडून जेमतेम ७०० ग्रॅमचा तुकडा आत घुसला. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून तीन वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या जुन्या बॅटऱ्यांच्या साठ्याचा तो उरलेला भाग होता. तो साठाही हवेत पूर्ण जळून जाईल असंच गृहीत धरलेलं होतं. एकट्यादुकट्या माणसाच्या अंगावर असं काही पडण्याची शक्यता फारच कमी आहे, हेही सांगायला हवं. उगाच घाबरायचं कारण नाही. पण ‘राख होते’ हे वाक्य चूक आहे.

‘आपोआप खाली येतात’ हे उंचीवर अवलंबून. तीनशे किलोमीटरवर विरळ का होईना हवा असते, ती वेग खाते आणि वस्तू काही दिवसांत-आठवड्यांत खाली येते. आठशे किलोमीटरवर त्यालाच शंभर-दीडशे वर्षं लागतात. युरोपचा आठ टनांचा एन्व्हिसॅट उपग्रह एप्रिल २०१२मध्ये गप्प झाला. तो अजून जवळपास त्याच उंचीवर आहे आणि आपली नातवंडं म्हातारी होतील तेव्हाही असेल. १९५८मध्ये सोडलेला अमेरिकेचा व्हॅनगार्ड-१ उपग्रह तर आजही फिरतोय, १९६४पासून त्याचा आवाज बंद आहे.

आता समुद्र आणि मीठ. शिवार कितीही मोठं असलं तरी गाड्या चाकोरीतूनच जातात. पृथ्वीची छायाचित्रं घेणाऱ्या उपग्रहांना ठरावीक उंची लागते, ध्रुवांवरून जाणारा ठरावीक मार्ग लागतो. म्हणून पाचशे ते नऊशे किलोमीटरच्या पट्ट्यात गर्दी होते आणि हे सगळे मार्ग ध्रुवांजवळ एकमेकांना छेदतात. शिवाय प्रत्येक वस्तू दिवसातून चौदा-पंधरा वेळा ती चाकोरी तुडवते. युरोपीय अंतराळ संस्थेच्या २०२५च्या अहवालाप्रमाणे सुमारे ४०,००० वस्तूंवर नजर ठेवली जाते आणि त्यांतले चालू उपग्रह ११,०००च्या आसपास. म्हणजे चारातला जेमतेम एक कामाचा. एक सेंटिमीटरहून मोठे तुकडे बारा लाखांवर असावेत असा अंदाज आहे आणि त्यांतले बहुतेक रडारला दिसत नाहीत.

एका सेंटिमीटरने काय होतं, असं कुणी विचारलं तर मी हिशेब करून दाखवतो. एक ग्रॅमचा तुकडा सेकंदाला दहा किलोमीटर वेगाने आदळला तर पन्नास हजार ज्यूल ऊर्जा. हजार किलोची मोटार ताशी ३६ किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळते तेव्हा नेमकी इतकीच ऊर्जा असते. फक्त इथे ती सगळी बोटाच्या पेराएवढ्या जागेत उतरते. १९८३मध्ये चॅलेंजर यानाच्या खिडकीला खड्डा पडला तो रंगाच्या कपच्याने. तो कपचा मिलिमीटरभरही नव्हता.

टकरी काल्पनिक आहेत म्हणणाऱ्यांनी १० फेब्रुवारी २००९चा दिवस पाहावा. त्या दिवसाच्या एका अंदाजानुसार अमेरिकेचा चालू इरिडियम-३३ आणि रशियाचा बंद पडलेला कॉसमॉस-२२५१ हे उपग्रह एकमेकांपासून ५८४ मीटरवरून सुखरूप जाणार होते. सायबेरियाच्या वर ७८९ किलोमीटरवर ते एकमेकांवर आदळले. दोन हजारांहून अधिक मोठे तुकडे झाले. मला यातला टकरीपेक्षाही तो अर्ध्या किलोमीटरचा फरक जास्त अस्वस्थ करतो. वरच्या वाहतुकीबद्दल आपण इतक्या अंदाजाने बोलतो.

त्याआधी, ११ जानेवारी २००७ला चीनने स्वतःचाच फेंगयुन-१सी हा हवामान उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला. त्याचे तीन हजारांवर तुकडे नोंदले गेले. नोव्हेंबर २०२१मध्ये रशियाने कॉसमॉस-१४०८ फोडला, तेव्हा स्थानकावरच्या अंतराळवीरांना आपापल्या परतीच्या यानांमध्ये जाऊन बसावं लागलं. तुकडे तुकड्यांवर आदळून नवे तुकडे होत राहतील, हे ‘नासा’चे शास्त्रज्ञ डोनाल्ड केसलर आणि बर्टन कूर-पाले यांनी १९७८मध्येच मांडलं होतं. ‘मग अजून सगळं बंद का पडलं नाही?’ असं विचारणारे हे तासाभरात घडणार असं समजतात. ती प्रक्रिया दशकांची आहे, विहिरीचं पाणी खोल जात राहावं तशी.

भारताचा हात नाही, हेही खरं नाही, आणि हे लिहिताना मला वाईट वाटतं. डिसेंबर २००१मध्ये आपल्या पीएसएलव्ही-सी३ रॉकेटच्या चौथ्या टप्प्याचा कक्षेतच स्फोट झाला. तीनशेहून अधिक तुकडे झाले. २७ मार्च २०१९च्या ‘मिशन शक्ती’त आपणही स्वतःचाच उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला. लक्ष्य तीनशे किलोमीटरच्या आत ठेवलं होतं, म्हणून बहुतेक तुकडे लवकर खाली आले, पण काही उसळून स्थानकाच्याही वर गेले. आपण केलेलं चांगलं कामही तितकंच ठासून सांगायला हवं. मार्च २०२३मध्ये इस्रोने मेघा-ट्रॉपिक्स-१ हा काम संपलेला हवामान उपग्रह उरलेलं इंधन वापरून पॅसिफिक महासागरावर उतरवला. तसाच सोडला असता तर तो शंभर वर्षांहून जास्त वर राहिला असता. २०३०पर्यंत सरकारी आणि खासगी अशा सगळ्याच भारतीय मोहिमा कचऱ्याविना करण्याचं उद्दिष्टही इस्रोने ठेवलं आहे.

चुंबकाचं दोन ओळींत. उपग्रह बहुतांश ॲल्युमिनियमचे, त्यांना चुंबक धरत नाही. धरलं असतं तरी १९६७च्या अंतराळ करारानुसार मेलेला उपग्रहही ज्या देशाचा त्याचाच राहतो, परवानगीशिवाय दुसऱ्याने तो उचलायचा नाही.

राहिला सामान्य माणसाच्या संबंधाचा प्रश्न. १४ जुलै २०२३च्या दुपारी शाळाशाळांत पडदे लावून मुलं बसली होती. चांद्रयान-३ दोन वाजून पस्तीस मिनिटांनी उडालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ते ठरल्यापेक्षा चार सेकंद उशिरा उडालं होतं. वाटेत दुसऱ्या वस्तूशी गाठ पडण्याचा धोका दिसला, म्हणून इस्रोने उड्डाण तेवढं मागे ढकललं होतं.