पालांनी जपानला 'निर्दोष' ठरवलं म्हणे!

ऑगस्ट लागला की नागपुरातल्या ग्रुपांवर तो मेसेज फिरू लागतो : 'भारतीय न्यायाधीश राधाविनोद पालांनी जपानला निर्दोष ठरवलं, अत्याचाराच्या गोष्टी खोट्या निघाल्या, आरोपींचे जीव वाचले. खरा युद्धगुन्हा एकच, हिरोशिमा. म्हणून जपान आजही आपल्यापुढे नतमस्तक.' यंदा कुणीतरी शेपूटही जोडलंय : 'कामठीचं ड्रॅगन पॅलेस हीसुद्धा त्याच उपकाराची फेड.'

शेपूट आधी छाटू. ड्रॅगन पॅलेस हे बौद्ध मंदिर १९९९ साली जपानच्या ओगावा सोसायटीच्या मदतीने उभं राहिलं. ते नातं बुद्धाचं आहे, दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर टोकियोत चाललेल्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्याचं नाही. दीक्षाभूमीच्या गावात हे सांगावं लागतं, कमाल आहे.

जीव वाचले? कुणाचे? ११ न्यायाधीशांपैकी पाल एक. बहुमताने २५ जण दोषी ठरले आणि युद्धकाळातले पंतप्रधान तोजो यांच्यासकट सात जण २३ डिसेंबर १९४८ रोजी फासावर गेले. पालांचा हजारावर पानांचा विरोधी निकाल तर न्यायालयात वाचलासुद्धा गेला नाही.

आता मुख्य थाप. पालांनी सगळ्या आरोपींना दोषमुक्त मानलं, हे खरं. पण का? त्यांच्या मते आक्रमक युद्ध छेडणं हा व्यक्तीने केलेला गुन्हा, असा कायदा त्या वेळी नव्हताच. मागाहून केलेला कायदा मागच्या कृत्याला लावता येत नाही. युद्धासाठी कट रचल्याचा पुरावाही त्यांना पटला नाही. अत्याचारांबद्दल मात्र त्यांनी स्वच्छ लिहिलं : चीनमधल्या नानकिंगच्या कत्तलीच्या पुराव्यात अतिशयोक्ती धरली, तरी जपानी सैनिकांनी नागरिकांवर अत्याचार केल्याचा पुरावा जबरदस्त आहे. ते या बड्या आरोपींच्या हुकमाने घडले, हे सिद्ध झालं नाही, एवढंच. सिव्हिल लाइन्सच्या हायकोर्टात फौजदारी चालवणाऱ्या कुठल्याही वकिलाला विचारा : आरोपी सुटला म्हणजे खून झालाच नाही, असं कोण म्हणतं?

अणुबॉम्बवर मात्र पाल कडक होते. तो टाकण्याचा निर्णय त्यांना नाझी नेत्यांच्या हुकमांच्या पंगतीतला वाटला. त्याबद्दल कुणावरही खटला झाला नाही. जेत्यांच्या न्यायावरची ही टीका मलाही पटते. पण म्हणून बाकीचे गुन्हे पुसले जात नाहीत. हे इरी आणि तोशी मारुकी या जपानी चित्रकार दांपत्याने कुठल्याही निकालपत्रापेक्षा थेट मांडलंय. बॉम्बनंतर तीन दिवसांत इरी हिरोशिमात पोचले होते. १९५० पासून दोघांनी पडद्यांवर १५ भव्य चित्रं काढली. सुरुवातीला आगीतले, पाण्यातले होरपळलेले जपानी देह. १९७२ च्या चित्रात मात्र कावळ्यांचा काळा थवा आहे, त्यात एक फिका कोरियन पोशाख तरंगतोय : कोरियन मजुरांची प्रेतं उचलायला कुणी आलं नव्हतं. त्याआधीच्या एका चित्रात मारले गेलेले अमेरिकन युद्धकैदी आहेत. आणि १९७५ मध्ये त्यांनी नानकिंगच रंगवलं. हिरोशिमा पाहिलेल्या माणसांना जे झाकावंसं वाटलं नाही, ते आपण नागपुरात बसून का झाकायचं?

राहिलं 'नतमस्तक'. पालांचं स्मारक २००५ मध्ये टोकियोतल्या यासुकुनी या युद्धात मेलेल्यांना पूजणाऱ्या देवस्थानात उभारलं गेलं. तोजोसह १४ प्रमुख युद्धगुन्हेगार १९७८ पासून तिथेच पूजले जातात. जपानचे सम्राट १९७५ नंतर तिकडे फिरकलेले नाहीत.