रस्सा ‘रिपीट’ करायचा नसतो

बिलाच्या आकड्याबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच स्पष्ट करतो, कारण कोल्हापुरात महागड्या हॉटेलाविषयी कोणी काही लिहिले की "एवढ्या पैशात घरात बकरं पडलं असतं" ही प्रतिक्रिया ठरलेलीच असते. मटणाच्या दरावरून 2019 साली आंदोलन केलेले आपले गाव आहे, तेव्हा त्यात आश्चर्यही नाही. आईच्या पंचाहत्तरीनिमित्त आम्ही सहा जण गेल्या रविवारी शहरातील एका नव्या, उंची भारतीय रेस्टॉरंटमध्ये जेवलो, बिल साडेनऊ हजारांच्या घरात गेले आणि त्यातील बहुतेक पैसे वाजवी होते असे माझे मत आहे. माझा आक्षेप आहे तो तिथल्या वाढण्याच्या पद्धतीवर.

जे चांगले होते ते मनापासून सांगितले पाहिजे. आमच्या नावाजलेल्या खानावळींतून मी चाळीस वर्षे जेवत आलो आहे, पण आईला तिथे घेऊन जाणे हे नेहमीच संकट वाटत आले. बाकडे अरुंद, हात धुण्याचे बेसिन टेबलाला खेटून, ‘फॅमिली रूम’ म्हणून जी काही असते ती पोटमाळ्यावर, आणि रविवारी तर आपल्या खुर्चीमागे पुढचे गिऱ्हाईक उभे राहून आपले घास मोजत असते. बायकांनी आणि वयस्कर माणसांनी निवांत बसून मटणाचे ताट जेवावे, अशी सोय या शहराने फार उशिरा केली. त्या रात्री आई दोन तास आरामात बसली, कोणी उठण्याची घाई केली नाही, स्वच्छतागृह स्वच्छ होते आणि सुक्क्याचे मटण हाडापासून सुटेल इतके शिजूनही फोडी अखंड होत्या. एवढ्यासाठी जास्त पैसे मोजायला माझी कधीही तयारी आहे.

अडचण सुरू झाली ती पांढऱ्या रश्श्यापासून. तो सर्वांत आधी, कॉफीच्या इवल्याशा कपात, वर कोथिंबिरीचे एकच पान ठेवून आला. दोन घोटांत संपला, कप उचलले गेले आणि तांबडा रस्सा आला तो त्यानंतर वीस मिनिटांनी, सुक्क्याच्या बशीत कडेने ओढलेल्या एका रेघेच्या रूपात. आईने वाढणाऱ्या मुलाला सहज सांगितले, "बाळ, रस्सा आण की अजून, दोन्ही आण." तो मुलगा अदबीने वाकून म्हणाला, "मॅडम, रिपीट करू का? चार्जेबल आहे." आईने माझ्याकडे पाहिले. तिला ‘रिपीट’चा अर्थ कळला नाही असे नव्हे, रस्सा मागितल्यावर असा प्रश्न येऊ शकतो, हेच तिला पंचाहत्तर वर्षांत ठाऊक नव्हते.

यात कोणी कंजूषपणा केला असे मी म्हणत नाही. ताटामागचा हिशेबच त्या स्वयंपाकघराला समजलेला नाही, असे मात्र नक्की म्हणतो. आपल्याकडे मटण मोजून वाढतात आणि रस्सा न मोजता. फोडी ठरावीकच असतात, म्हणून मटण शिजवलेले अळणी पाणी वाया न घालवता त्याचे दोन रस्से होतात आणि मोजक्या मटणात अख्खे घर पोटभर जेवते. शिवाय हे दोन्ही रस्से एकाच वेळी समोर लागतात. तांबड्याचा कट जिभेला लागला की पांढऱ्याचा घोट घ्यायचा, जीभ निवली की पुन्हा भाकरी तांबड्यात बुडवायची, असे ते चालते. पांढरा ‘स्टार्टर’ म्हणून आधी पाजून त्याचे भांडे उचलून नेणे म्हणजे जोडीतला एक बैल सोडून दुसऱ्यालाच गाडीला जुंपणे होय.

बरे, तो पांढरा रस्साही दाट होता, इतका की कपाच्या कडेला साय धरावी तसा चिकटला होता. मला त्यात क्रीमचा संशय आला. पांढरा रस्सा पातळच असायला हवा. अळणी पाण्यात खसखस, तीळ, काजू यांचे बारीक वाटण, खडा मसाला आणि शेवटी मंद आचेवर नारळाचे दूध. आच मोठी झाली की दूध फुटते आणि हळद पडली की रंग जातो. हे सांभाळणे कठीण असते, म्हणूनच त्याचे जास्त पैसे लावले तर ते पटतात. दाटपणा हा श्रीमंतीचा पुरावा मानण्याची सवय बटर चिकनच्या वाटेने आपल्याकडे आली असावी.

उंची रेस्टॉरंट म्हटले की असेच करावे लागते, हेही खरे नाही. दिल्लीच्या आयटीसी मौर्यमधील ‘बुखारा’ हे देशातील अत्यंत महागड्या आणि नावाजलेल्या रेस्टॉरंटांपैकी एक आहे. तिथे चार दशकांहून अधिक काळ पाहुण्यांच्या गळ्यात कापड बांधून त्यांना हाताने जेवायला लावतात आणि पदार्थांची यादीही फारशी बदललेली नाही. न्यूयॉर्कच्या ‘सेम्मा’मध्ये विजय कुमार हे शेफ तमिळनाडूच्या खेड्यातील गोगलगाईंचा पदार्थ वाढतात आणि त्या रेस्टॉरंटला 2022 साली मिशेलिनचा तारा मिळाला. आपल्या रश्श्याला मात्र आपल्याच गावात कॉफीच्या कपात बसावे लागते.

भाकरीबद्दल थोडक्यात सांगतो: ती लहान, नेमकी गोल आणि गार होती. तव्यावरून थेट ताटात येणारी भाकरी हीच खरी चैन आहे आणि त्यासाठी भाकरी थापणारी बाई पगारावर ठेवावी लागते, चांदीचा वर्ख लागत नाही. भात बासमतीचा होता. हाताशी आजऱ्याचा घनसाळ असताना कोल्हापुरी जेवणात बासमती का, हा प्रश्न मी विचारला, पण उत्तर मिळाले नाही.

बिलात दहा टक्के सेवा शुल्क धरलेले होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते आपोआप लावता येत नाही आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये त्या सूचना कायम ठेवल्या आहेत. शिवाय त्या शुल्कावरही पाच टक्के जीएसटी आकारलेला होता. मी शांतपणे सांगितल्यावर व्यवस्थापकांनी ते काढून टाकले. वाढणाऱ्या मुलाला मी वेगळे पैसे दिले, कारण चूक त्याची नव्हती.

निघताना व्यवस्थापकांनी अभिप्राय विचारला, तेव्हा मी एवढेच सुचवले की दोन्ही रश्श्यांच्या किटल्या घेऊन एक माणूस टेबलांमधून फिरत ठेवा आणि त्याचा खर्च हवा तर ताटाच्या दरात धरा. त्यांना ते पटल्यासारखे दिसले, पण कपातल्या रश्श्याचे फोटो लोक फार काढतात, असेही ते म्हणाले. आई तोवर बाहेर गाडीत बसली होती आणि घरी गेल्यावर थोडा अळणी रस्सा करायचा का, असे सुनेला विचारत होती.