पाळणाघराच्या जागा ‘ट्रॅफिक’ने भरत नाहीत

पाळणाघर चालवणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत सध्या एक सल्ला फिरतो आहे: “वेबसाइटवर महिन्याला 30 लेख टाका, पानोपानी ‘डे-केअर नियर मी’ लिहा, गूगलवर पहिला नंबर हमखास मिळेल. ट्रॅफिक वाढलं की जागा आपोआप भरतात.” ट्रॅफिक म्हणजे वेबसाइटवर येणाऱ्यांची वर्दळ. या सल्ल्यापायी लहान पाळणाघरांचे पैसे वाया जातात, म्हणून त्यातला एकेक दावा तपासू.

‘ट्रॅफिक वाढलं की प्रवेश वाढतात.’ ‘बाळाला पहिला घास काय द्यावा’ हा लेख नागपूरपासून न्यू जर्सीपर्यंत वाचला जाईल, पण कोथरूडच्या पाळणाघरात त्यातून मूल येणं अवघड. पालक घराजवळ किंवा ऑफिसच्या वाटेवरच शोधतात. समजा तुमच्याकडे 30 मुलांची सोय आहे आणि जूनमध्ये 12 मुलं शाळेत जातात. पाळणाघर बघायला आलेल्या पालकांच्या दर तीन भेटींमागे एक प्रवेश धरला, तर वर्षाला 36 भेटी पुरतात, म्हणजे महिन्याला तीन. मोजायचे ते फोन आणि भेटी. चौकशीच्या वहीत ‘कुठून कळलं?’ असा रकाना ठेवा. आपली साइट कोणत्या शोधांत दिसते हे सांगणाऱ्या गूगलच्या ‘सर्च कन्सोल’मध्ये ‘कोथरूड’ असलेले शोध इंग्रजी आणि देवनागरी अशा दोन्ही लिप्यांत गाळून पाहा. तिथे 16 महिन्यांची माहिती राहते, त्यामुळे यंदाचा एप्रिल-मे गेल्या वर्षीच्या एप्रिल-मेशी ताडता येतो.

‘नियर मी लिहा.’ पालक कुठे आहे हे गूगल त्याच्या फोनच्या ठिकाणावरून ठरवतं. स्थानिक निकाल लागतात ते शोधाशी जुळणी, अंतर आणि नावलौकिक पाहून. पानावर ‘नियर मी’ लिहिल्याने अंतर कमी होत नाही. कीवर्डचा मेटा टॅग, म्हणजे पानाच्या कोडमध्ये दडलेली शोधशब्दांची यादी, भरणंही व्यर्थ आहे. क्रमवारीसाठी तो वापरत नसल्याचं गूगलने 2009 मध्येच जाहीर केलं.

खरं काम गूगल बिझनेस प्रोफाइलवर, म्हणजे गूगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणाऱ्या तुमच्या नोंदीवर आहे. मुख्य वर्ग ‘डे केअर सेंटर’ निवडा. नाव पाटीवर आहे तेच द्या; ‘बेस्ट डे-केअर इन कोथरूड’ अशी शेपटी जोडली तर प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. नकाशावरची पिन सोसायटीच्या मुख्य गेटवर आणा. ती मागच्या गल्लीत पडली, तर तान्ह्या बाळाला घेऊन रिक्षाने आलेले पालक तिथूनच परततात. शनिवारच्या वेळा विसरू नका. फीमध्ये सूट देऊन रिव्ह्यू घेणं नियमात बसत नाही. सगळ्या पालकांना लिंक पाठवून नुसती विनंती करा.

‘पहिला नंबर हमखास.’ अशी हमी कोणीच देऊ शकत नाही, हे खुद्द गूगल सांगतं. एकच शोध कर्वे पुतळ्यापाशी आणि वनाजपाशी वेगळा क्रम दाखवू शकतो. पाळणाघरात बसून स्वतःच्या फोनवर आपण वर दिसलो, तर त्यात अंतराचा मोठा वाटा असतो.

‘30 लेख हवेत.’ त्याऐवजी एक भरीव पान हवं. मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी मातृत्व रजा 26 आठवडे झाली. बाळ तीन-चार महिन्यांचं असतानाच आई शोधायला लागते. म्हणून कितव्या महिन्यापासून बाळ घेता, हे अगदी वर लिहा. दीड वर्षापासून घेत असाल तर तेही स्पष्ट लिहा, नाहक फोन वाचतील. एका ताईकडे किती मुलं, आईचं दूध फ्रीजमध्ये कसं ठेवता, ताप आला तर काय करता, मुलाला न्यायला कोण येऊ शकतं, उशीर झाल्यास तासाला किती पैसे, हे सगळं तिथे हवं. फीसुद्धा ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ अशी लिहा. ‘फीसाठी संपर्क करा’ वाचून पालक पुढच्या पाळणाघराकडे वळतात.

फोनवर काढलेला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवला की पान रखडतं. रुंदी 1600 पिक्सेल आणि आकार 200 केबीच्या आत आणा. झोपायची खोली, स्वच्छतागृह, गेट दाखवा. मुलांचे चेहरे पालकांच्या लेखी संमतीशिवाय नकोत.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या त्या सल्ल्यात पालकांच्या फोनचं नावही नाही. दुपारी एक ते तीन मुलं झोपलेली असतात, फोन सायलेंटवर असतो, आणि नोकरदार आईला फोन करायला जेवणाची सुट्टी तेवढीच मिळते. त्या वेळेसाठी पानावर व्हॉट्सअ‍ॅपचं बटण ठेवा आणि हुकलेल्या प्रत्येक फोनला त्याच संध्याकाळी उलट फोन करा.